जीर्णोद्धाराचा पैसा : दान, अनुदान आणि देवाची मालकी

धर्मशास्त्राच्या वर्गवारीत जीर्णोद्धार हे ‘पूर्त’ कर्म आहे. यज्ञयाग हे ‘इष्ट’. विहिरी, तळी, बागा, अन्नदान आणि देवळे हे ‘पूर्त’. इष्टाचे फळ यजमानाला मिळते, पूर्ताचा उपयोग वाटसरूलाही होतो. अग्निपुराणात आणि मयमतासारख्या शिल्पग्रंथात जीर्णोद्धाराचे विधी स्वतंत्रपणे सांगितले आहेत. नवे देऊळ बांधण्यापेक्षा पडके देऊळ उभे करण्याचे पुण्य मोठे, असा विचारही परंपरेत वारंवार भेटतो. त्यामागचे एक कारण सहज दिसते. नव्या देवळाला बांधणाऱ्याचे नाव लागते. जुन्या देवळाला आधीच दुसऱ्या कोणाचे तरी नाव असते आणि पैसा देणारा त्या नावाखाली उभा राहतो.

आज जुन्या देवळाच्या दुरुस्तीसाठी पैसा शोधणाऱ्या विश्वस्तांपुढे अनेक वाटा आहेत : भाविकांच्या देणग्या, राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा निधी, तीर्थक्षेत्र विकासाच्या योजना, राष्ट्रीय संस्कृती निधी, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी (सीएसआर). कोणती वाट निवडावी हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन जुने तात्त्विक प्रश्न दडलेले आहेत. दिलेला पैसा कोणाचा होतो? धर्माच्या वास्तूवर सर्वांच्या करातून खर्च करणे न्याय्य आहे का? आणि त्या पैशाने नेमके काय जपले जाते?

पहिला प्रश्न मालकीचा. शास्त्रकारांच्या व्याख्येप्रमाणे दानात दोन गोष्टी घडाव्या लागतात : देणाऱ्याचे स्वत्व संपावे आणि घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण व्हावे. पहिली गोष्ट घडली, दुसरी घडली नाही, तर तो नुसता त्याग होतो. देवाला दिलेल्या दानात नेमकी इथेच अडचण येते. देव घेतो का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. एखादे गाव किंवा शेत ‘देवाचे’ म्हणतात ते औपचारिक अर्थाने. देवता त्या शेताचा आपल्या इच्छेप्रमाणे उपयोग करत नाही, म्हणून ती मालक नव्हे. मीमांसकांच्या या कठोर भूमिकेने एक पेच उभा केला. दाता मालक राहिला नाही आणि देव मालक झाला नाही, तर देवळाच्या संपत्तीचे रक्षण कोणी कोणाविरुद्ध करायचे?

याचे व्यावहारिक उत्तर ब्रिटिश काळातील न्यायालयांनी दिले. १८८७ मध्ये डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भाविकांनी वाहिलेले द्रव्य सेवेकऱ्यांची खासगी मिळकत होत नाही. ते ज्या कार्यासाठी वाहिले त्या कार्याला बांधलेले राहते. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हिंदू मूर्तीला विधिक व्यक्ती मानले. २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ आणखी उलगडला : कायदा व्यक्तित्व देतो ते दगडाला किंवा धातूला नव्हे, तर दात्याच्या पवित्र हेतूला. दाता मरतो, वंश खुंटतो, गाव उठते. हेतू मात्र टिकावा म्हणून त्याला कायद्याने देह दिला जातो.

ही कल्पना नवीन नाही, हे महाराष्ट्रातील शिलालेखांवरून दिसते. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण नाण्यांची कायमची ठेव केली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, २,००० व १,००० अशी विभागून ठेवली. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे आणि त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा व इतर गरजांचा खर्च भागवायचा, अशी त्याची अट होती. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. कान्हेरीच्या नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखात दानाची रक्कम बुद्धपूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ अशी वाटून दिलेली आहे. दख्खनच्या ताम्रपटांत पूजा आणि नैवेद्य यांच्याबरोबर ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धार’ हे शब्द ठरावीकपणे येतात. काहीतरी तुटणार, तडकणार हे दान देतानाच गृहीत धरलेले होते. आजच्या अनुदानांपैकी फार थोडी ही दूरदृष्टी दाखवतात. बहुतेक निधी एका मोठ्या कामासाठी मिळतो, काम पूर्ण झाले की संपतो आणि पुढच्या पावसाळ्यातल्या गळतीसाठी कोणाकडेच तरतूद नसते.

जीर्णोद्धाराच्या इतिहासात अहिल्याबाई होळकरांचे नाव अटळ आहे. काशी विश्वेश्वर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर अशी त्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली देवळे त्यांच्या राज्याच्या सीमांच्या कितीतरी पलीकडे पसरलेली होती. हा खर्च प्रामुख्याने ‘खासगी’तून, म्हणजे होळकर घराण्यातील राणीच्या स्वतंत्र जहागिरीच्या उत्पन्नातून झाला. यातला भेद महत्त्वाचा आहे. दौलतीचा पैसा रयतेच्या संरक्षणासाठी, खासगीचा पैसा स्वतःच्या धर्मासाठी, अशी ही वाटणी होती. स्वातंत्र्यानंतर या दानधर्मांच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन झाला. त्याची मालमत्ता राज्य सरकारची की न्यासाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास असल्याचे ठरवले. ज्या पैशाला अठराव्या शतकात ‘खासगी’ म्हणत, तो एकविसाव्या शतकात ‘सार्वजनिक’ ठरला. कारण दानाचा हेतू लोकांसाठी होता.

पैशाशिवायही जीर्णोद्धार होतो, हे देहूचे उदाहरण दाखवते. पूर्वजांनी उभारलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, तेव्हा १६३० च्या आसपासच्या दुष्काळात व्यापार बुडालेल्या तुकोबांनी ते स्वतः श्रम करून दुरुस्त केले. वारकरी परंपरेत हा प्रसंग भांडवल संपल्यानंतरचा म्हणून सांगितला जातो. दान हे संपत्तीचे लक्षण नसून स्वत्व सोडण्याची क्रिया आहे, हा त्यामागचा अर्थ.

दुसरा प्रश्न राज्याच्या पैशाचा. संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदानुसार, ज्या कराचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी किंवा तो चालू ठेवण्यासाठी खास राखून ठेवले आहे, तो कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. त्याच संविधानाचा ४९ वा अनुच्छेद राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो. भारतातील जुन्या स्मारकांचा मोठा भाग देवळे, लेणी, मशिदी, दर्गे आणि चर्च यांचा असल्याने हे दोन अनुच्छेद एकाच वास्तूत समोरासमोर येतात. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कराच्या उत्पन्नाचा लक्षणीय भाग एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तरच २७ व्या अनुच्छेदाचा भंग होतो. २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या प्रार्थनास्थळांची पूर्ण भरपाई गुजरात सरकारने द्यावी, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सरकारची मर्यादित सानुग्रह योजना मान्य केली. म्हणजे थोडी मदत चालते, संपूर्ण भार नाही. पण ‘थोडी’ कुठे संपते हे तत्त्वाने ठरत नाही, प्रमाणाने ठरते. धर्मनिरपेक्षतेचा प्रश्न इथे आकड्यांचा होतो.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. न्यू जर्सीतील मॉरिस काउंटीने २०१२ ते २०१५ या काळात ऐतिहासिक वास्तू जतन निधीतून १२ चर्चना ४६ लाख डॉलर्सचे अनुदान दिले. चर्चची दुरुस्ती करदात्याच्या पैशातून होऊ नये असे कलम त्या राज्याच्या संविधानात अठराव्या शतकापासून आहे. त्याचा आधार घेऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही अनुदाने रद्द ठरवली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. इतिहासाचे मूल्य असलेली भिंत आणि उपासना चालणारी भिंत एकच असेल, तर तिचे दोन हिशेब करता येत नाहीत, असा या निकालाचा रोख आहे. फ्रान्समध्ये नेमके उलट आहे. १९०५ च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले, तरी जुनी कॅथेड्रले राज्याच्याच मालकीची राहिली; उपासना चर्चची, छप्पर राज्याचे. जपानमध्ये इसेचे देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधले जाते. युद्धोत्तर संविधानाने धर्मसंस्थांना सार्वजनिक निधी देणे निषिद्ध केल्यापासून तो खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो.

भारतातील या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण सोमनाथ आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांनी मंदिराच्या पुनर्बांधणीचा संकल्प जाहीर केला. सरकारी तिजोरीतून नव्हे, लोकांच्या वर्गणीतून हे काम व्हावे, असे गांधीजींचे मत होते आणि त्यासाठी न्यास स्थापन झाला. ऑक्टोबर १९५० मध्ये जुन्या मंदिराचे अवशेष पाडण्यात आले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. राष्ट्रपतींनी जावे का आणि राज्य सरकारने समारंभावर खर्च करावा का, यावर पंडित नेहरूंनी आक्षेप घेतला. त्या वादात गाजलेला प्रश्न राज्य आणि धर्म यांचा होता. पण शतकांचा इतिहास अंगावर वागवणारे अवशेष जपावेत, की ते काढून देवाला पुन्हा घर द्यावे, हा प्रश्नही तितकाच मूलभूत होता. वर्गणीचा पैसा अवशेषांसाठी गोळा झालेला नव्हता. तो देवाच्या घरासाठी होता.

इथेच तिसरा प्रश्न उभा राहतो : पैशाने काय जपले जाते? आगमांच्या दृष्टीने भंगलेली मूर्ती किंवा खचलेला भाग हा दोष आहे. विधीपूर्वक देवतेचे चैतन्य कुंभात घेऊन तात्पुरत्या जागी स्थापावे, जीर्ण भाग बदलावा आणि पुन्हा प्रतिष्ठा करावी, असा मार्ग सांगितला आहे. येथे सातत्य असते ते उपासनेचे. दगड बदलला तरी देऊळ तेच राहते. आधुनिक संवर्धनशास्त्राची दृष्टी याच्या उलट आहे. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती ‘पुनर्निर्मिती’ला विरोध करण्यासाठी. सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी लिहिलेल्या संवर्धन पुस्तिकेत हाच विचार आणला, आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेने नवा भाग जुन्यापासून ओळखू यावा असा दंडक घातला. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मात्र प्रत्येक संस्कृतीचे अस्सलपणाचे निकष वेगळे असू शकतात हे मान्य केले.

महाराष्ट्रात हा संघर्ष रोजचा आहे. भाविकाची देणगी विनाअट असते, पण ती दिसावी अशी अपेक्षा असते. म्हणून ती फरशी, ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे, कळसाचा रंग यांत जाते आणि पायरीवर देणगीदाराचे नाव येते. दगडाच्या सांध्यात चुना भरण्याचे किंवा शिखरावर उगवलेली झाडे मुळासकट काढण्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात २०२४ मध्ये राज्य शासनाच्या निधीतून संवर्धनाचे काम झाले. तेव्हा गाभाऱ्यात व इतरत्र मागाहून बसवलेले संगमरवर आणि ग्रॅनाइट काढून मूळ दगड उघडा करण्यात आला. त्यासाठी काही आठवडे पदस्पर्श दर्शन बंद ठेवावे लागले. एका काळी भक्तीने दिलेले दान दुसऱ्या काळी संवर्धनाच्या पैशाने काढावे लागले. दोन्ही खर्च विठ्ठलासाठीच होते. फरक देणाऱ्याने देवळाकडे कोणत्या नजरेने पाहिले याचा होता.

उपलब्ध निधींची यादी पाहिली तर ही नजर कशी बदलते ते स्पष्ट होते. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा पुरातत्त्व कायदा देवळाला ‘स्मारक’ म्हणतो. खर्च मूळ बांधणीवर होतो, बदलांना बंदी असते. राज्याने २०२१ मध्ये प्राचीन मंदिरांच्या संवर्धनासाठी निवडलेल्या पहिल्या ८ मंदिरांत खिद्रापूरचे कोपेश्वर, सिन्नरचे गोंदेश्वर, गडचिरोलीतील मार्कंडा यांचा समावेश होता. ग्रामविकास खात्याची योजना त्याच देवळाला ‘ब वर्ग तीर्थक्षेत्र’ म्हणते. तिचा पैसा रस्ते, स्वच्छतागृहे, भक्तनिवास यांवर जातो. पर्यटनाच्या योजनेत ते ‘स्थळ’ होते आणि वाहनतळाला महत्त्व येते. खासदार निधीतून प्रार्थनास्थळांत काम करण्यास मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई आहे.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींचा जीर्णोद्धार आहे, धर्मकार्य नाही. म्हणून प्रस्तावात ‘वारसा’ लिहावा लागतो. शिवाय काम करणारा न्यास नोंदणीकृत आणि आयकर कायद्याखाली मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि गावोगावची असंख्य जुनी देवळे इथेच अडतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत देणगीदाराला विशिष्ट प्रकल्प निवडता येतो आणि अंमलबजावणीच्या समितीत स्थान मिळते. आयकर कायदा ऐतिहासिक म्हणून अधिसूचित झालेल्या देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च यांच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला सवलत देतो. ही सवलत म्हणजे अप्रत्यक्ष सार्वजनिक अनुदानच : देणगीदाराने वाचवलेला कर शेवटी सर्वांच्या तिजोरीतून जातो, पण निवड देणगीदाराची असते.

श्रीमंत देवस्थानांच्या पैशाचा उपाय काहींना सरळ वाटतो. एका देवाच्या हुंडीत कोट्यवधी पडून आहेत आणि दुसरा पडक्या शिखराखाली भिजतो आहे, तर पहिल्याचा पैसा दुसऱ्याला का देऊ नये? १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर मर्यादा घातली. मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना धार्मिक न्यासाचा पैसा अधिकाऱ्याला किंवा न्यायालयाला योग्य वाटेल अशा दुसऱ्या कामाकडे वळवण्याची तरतूद मुंबई सार्वजनिक न्यास कायद्यातून रद्द झाली. विश्वस्तांनी आपल्या न्यासाच्या उद्देशांत बसेल ते दुसऱ्या देवळासाठी करणे वेगळे; बाहेरून सक्ती करणे वेगळे. दात्याच्या हेतूला कायद्याने देह दिल्यावर त्याचा आदरही ठेवावा लागतो.

या सर्वांवर एक मूलगामी आक्षेप आहे : माणसे उपाशी असताना दगडावर खर्च का? गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांकडून मदत गोळा केली आणि ती पंढरपूर, नाशिक, मुंबईच्या धर्मशाळांवर खर्च केली, देवळांवर नव्हे. हा आक्षेप जीर्णोद्धाराला खोटे ठरवत नाही, पण त्याचा क्रम ठरवतो. पूर्ताच्या यादीत अन्नदान आणि देऊळ शेजारी आहेत. एकाचा निधी दुसऱ्याच्या तोंडचा काढलेला नसावा, एवढी अट त्यातून निघते. ताज्या अन्नाची गरज रोज उद्भवते, तर नवव्या शतकातील शिखर एकदा ढासळले की कोणत्याही निधीने ते परत येत नाही. हा फरकही त्याच तराजूत ठेवावा लागतो.

तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली की निधी शोधण्याची दिशा ठरते. पूजा, नैवेद्य, उत्सव, प्रतिष्ठा यांचा खर्च भाविकांच्या देणगीतून व्हावा. तिथे राज्याचा पैसा आला की २७ व्या अनुच्छेदाचा प्रश्न उभा राहतो. मूळ दगड, कोरीव काम, शिलालेख यांचे जतन सार्वजनिक निधीतून किंवा सीएसआरमधून होऊ शकते. त्यांचे मूल्य भाविक नसलेल्यालाही आहे, आणि अशा निधीच्या अटी ग्रॅनाइटपासून देवळाचे रक्षण करतात. यात्रेकरूंच्या सोयी हे तीर्थक्षेत्र योजनांचे क्षेत्र. त्यांचे बांधकाम गाभाऱ्यापासून आणि जुन्या प्राकारापासून दूर ठेवावे लागते. कोणताही निधी मिळाला तरी त्यातला एक हिस्सा देखभालीसाठी ठेव म्हणून राखणे, ही नाशिकच्या लेखातील व्यवस्था आजही लागू पडते. देणगीदाराच्या नावाची पाटी लावायचीच असेल तर ती मूळ दगडावर असू नये. दानात स्वत्व सोडले जाते, हा नियम इथे कलमाच्या भाषेत नव्हे, बांधकामाच्या भाषेत पाळायचा असतो.